अमानत की मिळकत?

बालहक्काच्या कायद्याचा विषय निघाला की आपल्या समाजाच्या बैठकीत दोन सूर हमखास ऐकू येतात. पहिला सूर असा, की हे सगळे पश्चिमेचे फॅड आहे. मुलांना आईबापांच्या विरोधात उभे करायचे, घर मोडायचे आणि त्या वाटेने शरियतमध्ये हात घालायचा. दुसरा सूर असा, की इस्लामने मुलांचे सारे हक्क चौदाशे वर्षांपूर्वीच देऊन टाकले आहेत, आता आम्हाला कोणी नवे काही शिकवू नये. हे दोन्ही सूर पुष्कळदा एकाच तोंडातून, एकाच चहाच्या पेल्यावर निघतात. जे आपल्या घरात चौदाशे वर्षांपासून आहे ते पश्चिमेचे फॅड कसे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारलाच, तर विचारणारा कोणत्या मंडळाचा याची चौकशी आधी सुरू होते.

आम्ही मराठीत लिहिणारे आणि मराठीत विचार करणारे मुसलमान आहोत. आमचे या दोन्ही सुरांशी भांडण आहे. तिसरेही एक भांडण आहे, ते बैठकीबाहेरच्या, पोलीस ठाण्यातल्या आणि सत्तेच्या खुर्चीवरच्या लोकांशी. पण बाहेरच्यांशी भांडायला उभे राहण्याआधी घरातले बोलणे उरकले पाहिजे.

मुळात हा कायदा आहे तरी कशासाठी? जगातल्या जवळजवळ सर्व जुन्या समाजांत मूल ही बापाची मिळकत होती. रोमन कायद्यात बापाला पोटच्या पोराच्या जिवावर हक्क होता. इस्लामपूर्व अरबस्तानात नकोशी मुलगी जिवंत पुरली जात होती आणि पुरणाऱ्याला कोणी जाब विचारत नव्हते. मिळकत म्हटली की मालक तिचे काहीही करू शकतो. विकू शकतो, गहाण टाकू शकतो, मोडू शकतो. बालहक्काच्या कायद्याचा पाया एवढाच, की मूल ही कोणाची मिळकत नाही, आईबापाची नाही, जमातीची नाही आणि सरकारचीही नाही. ते एक स्वतंत्र माणूस आहे. त्याला स्वतःची बाजू स्वतः मांडता येत नाही म्हणून कायद्याने ती मांडायची.

या विचाराचा आधुनिक जन्म युद्धात झाला. पहिले महायुद्ध संपल्यावरही ब्रिटनने नाकेबंदी उठवली नव्हती आणि ऑस्ट्रिया-जर्मनीत मुले उपाशी मरत होती. एग्लंटाइन जेब नावाच्या इंग्रज बाईंनी १९१९ साली लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्या भुकेल्या मुलांची चित्रे छापलेली पत्रके वाटली. त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. लोकांचे म्हणणे होते, ही शत्रूची मुले आहेत. बाईंचे म्हणणे होते, मुलाला शत्रू नसतो. त्याच वर्षी त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढली आणि त्यांनीच लिहिलेला मसुदा १९२४ साली राष्ट्रसंघाने बालकांचा जीनिव्हा जाहीरनामा म्हणून स्वीकारला. ‘त्यांची मुले’ आणि ‘आपली मुले’ हा भेद तिथे पहिल्यांदा लेखी स्वरूपात पुसला गेला. तो भेद आज आपल्या देशात पुन्हा कोण लिहितो आहे, ते पुढे येईलच.

१९२४ च्या त्या कागदात अजून दयेची भाषा होती. मोठ्यांनी लहानांना अमुक द्यावे, तमुक द्यावे. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी जो बालहक्क करार मंजूर केला, त्यात भाषा बदलली : मुलाला हक्क आहे. दया आणि हक्क यांतला फरक आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. जकात आणि खैरात यांत आपण नेमका हाच फरक करतो. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. जकातीत गरिबाचा हक्क आहे, ती दिली म्हणून उपकार झाले असे म्हणता येत नाही. हक्काची ही कल्पना ज्या समाजाच्या दीनच्या पाच अरकानांत बसलेली आहे, त्यानेच मुलांच्या बाबतीत ती परकी मानावी, याचे आम्हाला नवल वाटते.

आणि परकी तरी किती? या कराराच्या २० व्या कलमात, घरापासून तुटलेल्या मुलाची सोय कशी करावी हे सांगताना, इस्लामी कायद्यातल्या ‘कफाला’चे नाव घेऊन उल्लेख आहे. मसुदा ठरताना मुस्लिम देशांनी आग्रह धरला म्हणून तो आला. इराणने १९९४ साली आणि सौदी अरेबियाने १९९६ साली, भरपूर आक्षेप नोंदवून का होईना, या करारात प्रवेश केला. भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी आला. ज्या अमेरिकेचा हा डाव असल्याचे बैठकीत सांगितले जाते, तिने १९९५ साली सही केली, पण मान्यता आजवर दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी हा करार न मानणारा तो एकमेव देश आहे. डाव रचणाऱ्यानेच खेळ सोडून जावे, असा हा अजब डाव!

आता दुसऱ्या सुराकडे. इस्लामने मुलांना हक्क दिले, हे शंभर टक्के खरे आहे. स्वतः हजरत पैगंबर (स.) यतीम होते. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई, आठव्या वर्षी आजोबा. कुरआनात यतीमाविषयी जितक्या कडक शब्दांत ताकीद आहे, तितकी फार थोड्या बाबतींत आहे. पण ज्यांनी हे दिले त्यांचे नाव घेऊन आपण स्वतः काय करतो, हा प्रश्न उरतोच. आम्ही त्यासाठी सूरह निसाच्या सुरुवातीची सहावी आयत घेतो. यतीमांची मालमत्ता त्यांच्या हवाली केव्हा करावी हे तिच्यात सांगितले आहे. त्यांची पारख करत राहा, ते निकाहाच्या वयाला पोहोचले की पाहा, आणि त्यांच्यात ‘रुश्द’ म्हणजे बरेवाईट ओळखण्याची समज दिसली तरच मालमत्ता द्या, असा तिचा आशय आहे. म्हणजे अटी दोन आहेत. बुलूग, म्हणजे शरीराने वयात येणे. आणि रुश्द, म्हणजे डोक्याने वयात येणे. नुसते शरीर पुरत नाही.

इमाम अबू हनीफा तर या बाबतीत इतके सावध, की रुश्द दिसत नसेल तर २५ व्या वर्षापर्यंत मालमत्ता हातात देऊ नये असे त्यांचे मत. शरीराची चिन्हे दिसत नसतील तर बुलूगचे वय त्यांनी मुलासाठी १८ आणि मुलीसाठी १७ धरले. १५ हे वय त्यांच्या शिष्यांच्या मताने आले. आपल्या न्यायालयांत तेच १५ चालते, कारण वकील ‘मुल्ला’ उघडतात आणि त्यातले १९५ वे कलम वाचतात. (हे मुल्ला म्हणजे कोणी मौलाना नव्हेत. दिनशा फरदुनजी मुल्ला हे मुंबईचे पारशी कायदेपंडित. त्यांच्या पुस्तकाला हात लावणे म्हणजे शरियतला हात लावणे, असे मानणाऱ्यांनी एवढी माहिती तरी ठेवावी.)

आता गंमत पाहा. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याने सज्ञानतेचे वय १८ ठरवले, पण विवाह, मेहेर, तलाक आणि दत्तक या गोष्टी वगळल्या. परिणाम असा, की पंधरा-सोळा वर्षांची आपली मुलगी स्वतःच्या नावावरचा अर्धा गुंठा विकू शकत नाही, कारण तिला समज नाही. पण आपले सबंध आयुष्य ती ‘कबूल है’ म्हणून देऊ शकते, कारण तिथे समजेची गरज नाही. जमिनीच्या तुकड्यासाठी रुश्द हवी आणि माणसासाठी नुसता बुलूग पुरे, ही वाटणी कोणत्या इन्साफात बसते? यतीमाच्या चार बकऱ्या परत देताना जो धर्म इतकी पारख करायला सांगतो, तो मुलगी देताना पारख नको म्हणेल, हे आम्हाला पटत नाही.

हे आमचेच डोके चालवणे नाही. आठव्या शतकात कूफ्याचे काझी इब्न शुब्रुमा यांनी अल्पवयीनांचा निकाह वलीने लावण्यालाच हरकत घेतली होती. १९१७ साली तुर्की खिलाफतीने कुटुंब कायदा केला तेव्हा त्यांच्या मताचा आधार घेतला आणि निकाहाचे साधारण वय मुलासाठी १८, मुलीसाठी १७ ठेवले. खिलाफतीने! ज्या खिलाफतीसाठी आपले आजे-पणजे तुरुंगात गेले, तिचा हा कायदा. मोरोक्कोने २००४ साली आणि इजिप्तने २००८ साली वय १८ केले. पाकिस्तानात इस्लामाबाद राजधानी क्षेत्रासाठी २०२५ च्या मे महिन्यात १८ चा कायदा झाला. तिथल्या इस्लामी विचार परिषदेचा विरोध होता, तरी झाला. मग शरियत फक्त भारतातच धोक्यात कशी येते?

येते, कारण भारतात आपण अल्पसंख्य आहोत आणि घाबरलेलो आहोत. हे आम्ही नाकारत नाही. दंगलीच्या गावात वयात आलेली पोर घरात ठेवणे म्हणजे काय असते, ते शहाणपण शिकवणाऱ्या पुढाऱ्यांना कळणार नाही. सातवीनंतरची शाळा दोन गावे पलीकडे, एसटी दिवसातून दोनदा, आणि शिकली तर तिच्या तोडीचा मुलगा जमातीत मिळत नाही, हीही बापाची खरी अडचण आहे. त्या बापाला आम्ही जुलमी म्हणत नाही. पण त्याच्या भीतीची किंमत तो स्वतः देत नाही, ती त्याची पंधरा वर्षांची मुलगी पहिल्या बाळंतपणात देते. बालहक्काचा कायदा नेमका या हिशेबापुरता आहे. मोठ्यांच्या अडचणी खऱ्या असल्या तरी त्या लहानांच्या अंगावर टाकता येणार नाहीत, इतकेच तो म्हणतो.

या कायद्याला विरोध करण्याचा मक्ता काही आपण एकट्यांनी घेतलेला नाही. १८९१ साली संमतीवयाचा कायदा आला, दहाचे वय बाराचे झाले, तेव्हा पुण्यात केवढा धुरळा उडाला होता! मलबारींना आणि सुधारकांना काय काय ऐकावे लागले! धर्मात सरकारचा हात नको, हे टिळकांचे तेव्हाचे म्हणणे आणि आपल्या मौलवीसाहेबांचे आजचे म्हणणे शेजारी ठेवून पाहावे. नावे झाकली तर कोण कोणते ते ओळखता येणार नाही. पुढे १९२९ साली शारदा कायदा सर्व धर्मांना लागू झाला तेव्हा मौलाना मोहम्मद अली यांनी कडाडून विरोध केला आणि जिना यांनी केंद्रीय कायदेमंडळात त्याची बाजू घेतली. १ एप्रिल १९३० ला कायदा अमलात यायचा होता, तर त्याआधीच्या महिन्यांत देशभर सर्व धर्मांच्या लोकांनी घाईघाईने लहानग्यांची लग्ने उरकून घेतली. एखादा कायदा टाळण्याच्या कामात एवढी सर्वधर्मीय एकजूट क्वचितच दिसली असेल.

आजचा कायदा २००६ चा आहे. त्यात मुलीचे वय १८, मुलाचे २१. आपल्याकडे त्याची चर्चा होते ती फक्त शिक्षेच्या अंगाने. पण त्यात एक दरवाजाही आहे. लहानपणी लग्न लावलेल्या मुलीला किंवा मुलाला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते लग्न रद्द करून मागता येते. हा दरवाजाही आपल्याला नवा नाही. ‘खियार-उल-बुलूग’ या नावाने तो फिकहमध्ये आहे आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नोंदलेला आहे : पंधराच्या आत लग्न लावलेली मुलगी, संबंध आला नसेल तर, अठराच्या आत ते नाकारू शकते. किती मुलींना हे ठाऊक आहे? खुतब्यात पतीचे हक्क ऐकवले जातात. खियार-उल-बुलूगवर खुतबा झालेला आमच्या ऐकण्यात नाही.

न्यायालयेही एका सुरात बोलत नाहीत. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ साली सोळा वर्षांच्या मुस्लिम मुलीचे लग्न वैयक्तिक कायद्याने ग्राह्य धरले. त्या प्रकरणात मुलीने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले होते आणि तिला संरक्षण हवे होते, ते मिळाले हे बरेच झाले. केंद्राच्या बालहक्क आयोगाने त्याविरुद्ध केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये फेटाळला. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२४ साली २००६ चा कायदा मुसलमानांनाही लागू आहे असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ च्या निकालात हा प्रश्न मोकळाच ठेवला. पळून जाणाऱ्या एका मुलीला वाचवण्यासाठी जे १५ चे तत्त्व वापरले, तेच तत्त्व उद्या न पळालेल्या, न विचारलेल्या शंभर मुलींच्या बापांच्या हातात जाते. हा गुंता संसदेने सोडवायचा आहे, आणि आपण तोंड उघडले तर तो आपल्या विचारानेही सुटू शकेल.

मुलाचा हक्क स्वतंत्र असतो म्हणजे काय, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आमच्या मते १९९७ चे आहे. शाहबानो प्रकरणानंतर १९८६ चा जो कायदा आला, त्यात तलाक दिलेल्या बाईकडे असलेल्या मुलांचा खर्च बापाने दोन वर्षे द्यावा असे होते. काही बापांनी सोयीचा अर्थ काढला : दोन वर्षे झाली, आमची जबाबदारी संपली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ती दोन वर्षे आईच्या हक्काचा भाग आहेत. मुलाचा पोटगीचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, तो सज्ञान होईपर्यंत आणि मुलीचा लग्न होईपर्यंत चालेल, आणि वैयक्तिक कायदाही तेच सांगतो. फौजदारी संहितेचे १२५ वे कलम आता नव्या संहितेत १४४ वे झाले आहे, हक्क तोच आहे. तलाक नवराबायकोचा झाला, मुलाने कोणाला तलाक दिला?

याच तराजूत यतीम नातवाचा प्रश्न घालून पाहावा. आजोबा हयात, त्यांचे दोन मुलगे. एक मुलगा बापाआधी वारला, मागे लहान पोर ठेवून. पुढे आजोबा गेले, की हयात मुलगा जवळचा वारस ठरतो आणि यतीम नातू ‘महजूब’, म्हणजे वारसातून बाद. चुलत्याला घर आणि नातवाला अंगण. बाप असता तर जे मिळाले असते, ते बाप नाही म्हणून मिळत नाही. इजिप्तने १९४६ साली तोड काढली : आजोबांनी वसियत केली नसली तरी केल्याचे मानून, एक तृतीयांशाच्या मर्यादेत, बापाचा वाटा नातवंडांना द्यायचा. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाच्या चौथ्या कलमात मृत मुलाच्या मुलांना थेट त्याच्या जागी उभे केले. भारतात आपण या दोहोंपैकी काहीच केले नाही. कारण तेच, शरियतला हात नको.

बरे, कायद्याला हात लावू नका. पण वसियत करायला कोणी अडवले आहे? वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत वसियत करण्याची मुभा शरियतनेच दिली आहे, आणि यतीम नातू वारस नसतो म्हणून तो तिला पात्र ठरतो. हयातीत हिबा करता येतो. ना संसद लागते, ना समान नागरी कायदा. कागद लागतो, दोन साक्षीदार लागतात आणि मोठ्या मुलाची नाराजी पत्करण्याची हिंमत लागते. जमातीच्या बुजुर्गांनी मनावर घेतले तर आपापल्या गावातल्या अशा प्रत्येक आजोबांकडे ते एका जुम्याच्या नमाजनंतर जाऊ शकतात. चंदा मागायला जातातच की!

चंद्यावरून यतीमखाने आठवतात. दत्तकाला आपला विरोध जुना आहे. १९७२ च्या दत्तक विधेयकावर आपले पुढारी तुटून पडले, १९८० च्या विधेयकातून मुसलमानांना वगळण्यात आले. २०१४ च्या फेब्रुवारीत शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. ज्याला घ्यायचे नाही त्याच्यावर सक्ती नाही. आमचे म्हणणे एवढेच, की सूरह अहजाबमधला आदेश मुलाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने ओळखावे असा आहे. मुलाची ओळख पुसू नका, हे तर त्या जागतिक करारातही लिहिले आहे. पण या आदेशाचा अर्थ मूल घरी आणू नका असा कोणी केला? कफाला म्हणजे आपल्या घरात, आपल्या ताटाशेजारी दुसऱ्याचे मूल. रमजानात पावती पुस्तक हातात देऊन दुकानादुकानांतून फिरवलेला टोपीतला आठ वर्षांचा मुलगा म्हणजे कफाला नव्हे. ज्यांनी दत्तकाला विरोध केला त्यांच्यापैकी किती घरांत एक यतीम वाढतो आहे, हे मोजायला फार बोटे लागणार नाहीत.

शाळेचेही तसेच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा त्यातून बाहेर राहिल्या, आणि २०१४ च्या निकालाने सर्व अल्पसंख्य शाळांना सूट मिळाली. आपल्याकडे पेढे वाटले गेले. संस्थाचालकांचा विजय झाला खरा, पण मुलाला काय मिळाले? त्या कायद्याच्या १७ व्या कलमात छडीला बंदी आहे. ‘चमडी तुमची, हड्डी आमची’ म्हणून पोराला उस्तादांच्या हवाली करणाऱ्या समाजाला त्या कलमाचीच सर्वांत जास्त गरज होती. २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१४ च्या त्या सुटीबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातल्याच एका अंजुमनचे आहे. पीठ काय ठरवील ते ठरवील. अंजुमनांनी आपल्या शाळेतल्या मुलाच्या बाजूने न्यायालयात कधी काही म्हटले आहे का, की नेहमी संस्थेच्याच बाजूने?

मदरशांच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनाही एक आकडा सांगितला पाहिजे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार शाळेच्या वयाची जेमतेम ३ ते ४ टक्के मुस्लिम मुले मदरशात जात होती, आणि ६ ते १४ वयाची २५ टक्के मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. गॅरेजमध्ये, बेकरीत, यंत्रमागावर, विडीच्या सुपाशी. मदरशावर चर्चासत्रे झाली, गॅरेजवर झाली नाहीत. सरकारने २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलून शाळेनंतर घरच्या धंद्यात मुलांना मदत करू दिली. विडी तर घरीच वळतात!

इथे आमचे तिसरे भांडण सुरू होते. ३० मे २०२३ रोजी बिहारच्या अररिया जिल्ह्यातली ५९ मुले दानापूर-पुणे एक्स्प्रेसने सांगली-पुण्याकडच्या मदरशांत शिकायला येत होती. भुसावळ आणि मनमाडला त्यांना गाडीतून उतरवण्यात आले. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचे गुन्हे दाखल झाले, त्यांना सुमारे महिनाभर तुरुंगात राहावे लागले. मुले बारा दिवस बालगृहांत होती. दूरचित्रवाणीवर ‘सुटका’ असा शब्द फिरत होता. मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी प्रकरणे बंद करण्याचे अहवाल दिले : तस्करी नव्हती, गैरसमज झाला. ज्या कायद्याच्या नावाने हे केले, त्याचा पहिला नियम आहे की मुलाच्या भल्याचा विचार आधी करा. दुसरा, की मुलाला विचारा. त्या ५९ मुलांना, त्यांच्या आईबापांना पहिल्याच दिवशी नीट विचारले असते तर बारा दिवस लागले नसते. टोपी पाहून मुलाचे वय, नाव आणि हेतू ठरवणाऱ्यांनी ट्रॅफल्गर चौकातला दंड पुन्हा एकदा वसूल केला.

आसामातही २०२३ च्या फेब्रुवारीत बालविवाहाच्या नावाने ३ हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. नवरा तुरुंगात, पोटुशी मुलगी घरात, आणि दवाखान्यात जावे तर वय विचारतील म्हणून ती जाईना, असे ऐकायला मिळाले. ज्या मुलीसाठी कायदा, तिनेच शिक्षा भोगायची, ही त्या कायद्याची अंमलबजावणी नव्हे, त्याची थट्टा आहे. आणि तरीही आम्ही म्हणतो, की आसामच्या सरकारची नियत वाईट आहे म्हणून आपली सोळाची मुलगी अठराची होत नाही. त्यांच्या राजकारणाला उत्तर म्हणून आपण आपल्या मुली पुढे करायच्या का?

मनमाडच्या प्रकरणात दुसराही प्रश्न आहे, तो आपल्यासाठी. आठ वर्षांच्या पोराला दोन वेळचे जेवण आणि चार अक्षरे मिळावीत म्हणून दीड हजार किलोमीटर दूर यावे लागते. त्याच्या गावात शाळा देणे सरकारचे काम होते, ते झाले नाही. पण ज्या मदरशात तो येतो, तिथे त्याला आईशी आठवड्यातून एकदा बोलता येते का? मार बसला तर सांगायला जागा आहे का? कुरआनासोबत गणित आहे का? बाल न्याय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते, अध्यक्ष आणि चार सदस्य. आपले वकील, डॉक्टर, निवृत्त शिक्षक तिथे अर्ज करतात का? ज्या टेबलावर आपल्या मुलांचे ठरते त्या टेबलापाशी आपण बसायचे नाही, आणि निकाल आला की मोर्चा काढायचा, हे किती दिवस चालणार?

या साऱ्यात एक काम असे आहे, की त्याला मोर्चाही लागत नाही आणि अर्जही. आपल्या निकाहनाम्यात वधूवरांपुढे ‘आकिल व बालिग’ असे लिहिण्याची रीत आहे. आकिल म्हणजे ज्याला अक्कल आली तो. शब्द आपलाच आहे, आणि तो बालिगच्या आधी लिहिला जातो. काझीसाहेबांनी त्याखाली जन्मतारखेचा एक रकाना छापून घ्यावा, आणि जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला पाहिल्याशिवाय तो भरू नये. रमजान संपला की शव्वालमध्ये निकाहांची गर्दी होते. जमातीची बैठक त्याआधी घ्यावी लागेल.